बर्फातल्या विहिरी

अहवालात लिहिल्याप्रमाणे "रणरणत्या उन्हात गावोगाव फिरून" सौमित्रने नोंदवलेल्या चाळीस विहिरी पडद्यावरच्या नकाशात उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात उमटल्या.

"वा! दुष्काळी तालुक्याचा प्रश्नच मिटला," तोंडी परीक्षा घ्यायला आलेल्या बाई म्हणाल्या. "बादली सोडली की बर्फासकट पाणी!"

सौमित्रला घाम फुटला. त्याची भूगोलाची एम.एस्सी. या प्रकल्पावर अडली होती. मग चूक ध्यानात आली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. "मॅडम, अक्षांश-रेखांशाचे रकाने उलटे झालेत. लगेच सुधारतो."

"सुधार की. चुकल्याशिवाय नकाशा येतो का कुणाला?"

त्याने रकाने बदलले. विहिरी बर्फातून उडाल्या आणि थेट महाराष्ट्रात उतरल्या. सौमित्रची मान ताठ झाली.

"शाब्बास! आता जरा जवळून दाखव. गावं दिसू देत."

नकाशा मोठा होत गेला. जिल्हा आला, शहर आलं, विद्यापीठाचं फाटक आलं. सगळ्या विहिरी कँटीनच्या पत्र्यावर दाटीवाटीने बसल्या होत्या. विहीर नोंदवायचं फोनवरचं बटण जिथे दाबावं, तिथलीच जागा फोन इमानाने नोंदवतो, हे भूगोलाच्या पदवीधराला आत्ता आठवलं.

बाईंनी शांतपणे चष्मा पुसला. "रकाने मात्र अचूक बदललेस हो, बाळा. त्याचे गुण देते. उद्या सकाळची एसटी पकड, पहिल्या विहिरीच्या काठावर उभा राहा आणि मग बटण दाब. तोवर निकाल राखून ठेवते. आणि हो, विहिरीत वाकूनही बघ. कँटीनमधून तळ दिसत नाही."