कॉम्प्युटर बंद पडे तेवढा वेळ

बाहेरच्या खोलीतला कॉम्प्युटर मध्येच बंद पडून आपोआप सुरू व्हायचा, आणि तेवढा वेळ आतल्या खोलीत तिच्या आजारी नवऱ्याचा श्वास थांबायचा.

आधी तिला तो भास वाटला. पण कॉम्प्युटर वारंवार बंद पडायला लागला, आणि दर वेळी आतला श्वासही थांबायला लागला. डॉक्टरांना काही सापडेना, म्हणून तिने मेकॅनिकला बोलावलं.

त्याने टेबलाखाली वाकून पाहिलं. "वहिनी, पॉवर सप्लाय गेलाय. वायर काढून नवा बसवतो."

"चालू असतानाच बसवा ना. पाया पडते तुमच्या."

"अहो, शॉक लागून मरेन मी!" तो हसला.

"मग राहू दे. हात लावू नका!"

पण तोवर त्याने वायर ओढली होती. आतल्या खोलीतला श्वास थांबला.

"लावा! आधी लावा!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. गांगरून त्याने वायर परत खुपसली, बटण दाबलं. कॉम्प्युटरचा पंखा फिरला, आणि पडद्यावर कित्येक वर्षांपूर्वीची तारीख उमटली.

आत खाट करकरली. ती धावली. नवरा उठून बसला होता आणि भर दुपारच्या उजेडात इकडेतिकडे बघत होता. तिला पाहून त्याने ओठ काढले आणि लहान पोराच्या आवाजात विचारलं, "माझी आई कुठाय?"