खालचा बाण

"एका घरात दोन चुली घालून ठेवल्यात की ह्यात," क्रांती कॉम्प्युटरच्या पडद्यात तोंड घालून पुटपुटली. "आन् एकीचंबी धड भागंना."

पद्मावतीच्या हातातला चहा बशीत सांडला.

भिंतीपलीकडं माग खडखडत होते. कबनुरात ते खडखडतातच. पण आज त्यातला एक थांबून होता. नव्या साडीच्या किनारीचं डिझाइन तयार होतं आणि कॉम्प्युटर ते ठेवून घ्यायला तयार नव्हता. जागा संपली, असं लाल अक्षरांत सांगत होता. म्हणून तिच्या नवऱ्यानं, जयपालनं, इचलकरंजीहून ही दुरुस्तीवाली पोरगी बोलावली होती. दुसरी चूल मोडायची आणि तिची जागा पहिलीला द्यायची, एवढंच काम.

"मशीन बंद तर पडणार न्हाय न्हवं?" पद्मावतीनं विचारलं. सकाळपासून ती हेच विचारत होती.

"उलट्या क्रमानं केलं तर पडतंय, काकू. लोक आधी जागा पुसत्यात, मग मशीनला उठायचं कसं तेच कळत न्हाय. मी आधी त्याला थेट विंडोजवरनं उठायला शिकवलंय. डिझाइनची नक्कलबी बाहेर काढलीया. घाबरू नका."

पद्मावती घाबरलेलीच राहिली.

हा कॉम्प्युटर चालू केला की काळ्या पडद्यावर मशीन चालवणाऱ्या दोन सिस्टिमची नावं यायची. वर उबुंटू, खाली विंडोज. वेळेत खालचा बाण दाबला तर विंडोज, म्हणजे डिझाइन, म्हणजे धंदा. हात चुकला तर वरचं आपोआप उघडायचं आणि पडद्याच्या मधोमध एकच नाव यायचं: प्राची. त्याखाली पासवर्डची रिकामी चौकट. पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता. मग बंद करा, पुन्हा लावा.

पद्मावतीचा हात फार चुकायचा. "एक बाण दाबता येईना तुला," जयपाल ओरडायचा. "चष्मा बदलाय पायजे माझा," ती म्हणायची. चष्मा नवाच होता. जयपाल स्वतः मशीन लावायला बसला की मात्र तिला खोलीबाहेर पाठवायचा. मधे मधे लुडबुड नको म्हणून.

"ह्या बाजूला कुणाचं काय हाय?" क्रांतीनं विचारलं. "फोटो, कागदं? सांगा, पेन ड्राइव्हवर काढून देते."

"माताजींचं हाय. काही काढायचं न्हाय," जयपाल दारातूनच म्हणाला.

"माताजी म्हंजे तुमच्या आई? ह्या वयात आईंनी उबुंटू बसवलं? दंडवतच घालते की त्यास्नी!"

पद्मावतीनं बशीतला चहा पुन्हा कपात ओतला.

"आमची धाकटी," पद्मावती म्हणाली. "दीक्षा घेतली तिनं. आर्यिका झाली." मग तिनं स्वतःच दुरुस्ती केली. "झाल्या."

इंजिनिअर झालेली पोर जैन साध्वी झाली. हत्तीवरून मिरवणूक निघाली, चौकात फ्लेक्स लागले. जयपाल फेटा बांधून सगळ्यांच्या पुढं चालला. भेटेल त्याला सांगत होता, आमच्या घराण्याचं भाग्य. भाग्यच होतं, नाही कोण म्हणणार? केस गेले तसं जुनं नावही गेलं. त्या दिवसापासून घरात ते कुणी उच्चारलं नव्हतं. कपडे वाटले, गाडी पुतणीला दिली. माझं म्हणून काही ठेवू नका, असं तीच सांगून गेली होती.

मागच्या चातुर्मासात दोघं दर्शनाला गेले. पोटच्या पोरीपुढं वाकून पद्मावतीनं "वंदामि" म्हटलं. पोरीनं मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला. वाकल्यावर पद्मावतीला तिचे तळपाय दिसले. भेगा पडलेले. तेल लाव, असं म्हणता आलं नाही. घरी येताना वाटभर नवराबायको सुताच्या भावावर बोलत राहिले.

क्रांतीनं खुर्ची सरकवली. तिचा आवाज उगाचच खाली आला होता. "मग पुसू?"

"पूस," जयपाल म्हणाला.

"आधी चहा घे की," पद्मावती म्हणाली. "गार होईल."

क्रांतीनं चहा घेतला.

"पोहे टाकते जरा."

"नको काकू, आत्ताच खाऊन आलेय."

"आन् मधेच लाइट गेली तर?"

"बॅटरी हाय की खाली."

"अगं, काम करू दे तिला!" जयपाल खेकसला. "माग उभा हाय तिकडं."

पद्मावतीची कारणं संपली. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. क्रांतीपेक्षा प्राची दोन बोटं उंच होती, एवढंच तिला आठवत राहिलं.

पडद्यावर एक छोटी चौकट आली. क्रांतीनं ती मराठीत वाचून दाखवली. "हा भाग पुसला की आतलं सगळं जाईल. खात्री हाय का, म्हणतंय." ती मागं वळली. "काका, मीबी एकदा विचारते. ह्ये परत आणता येत न्हाय. कुणाला लागणार न्हाय न्हवं? दाबू?"

पद्मावतीनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. त्याचं 'दाब' कानावर येऊ नये म्हणून तिनं सगळा जीव मागांच्या खडखडाटात घातला.

'दाब' आलं नाही. जयपाल आत आला. त्यानं क्रांतीच्या हाताखालचा माउस काढून घेतला आणि उताणा करून टेबलावर ठेवला. त्याचा लाल दिवा छताकडं बघत राहिला.

जन्मभर मागांच्या आवाजावर बोललेला माणूस. हळू बोलणं त्याला जमायचंच नाही. आत्ताही तो मोठ्यानंच बोलला.

"आन् प्राची माघारी आली तर?"