आधी आजीवर

"सुया? माझ्या नातवाला?" मालतीबाईंनी आठ महिन्यांच्या ओजसला छातीशी कवटाळलं. ओसाकातल्या त्या चिमुकल्या दवाखान्यात त्याने रडून नुसता उच्छाद मांडला होता.

"आई, टोचत नाहीत गं. किरकिऱ्या बाळांच्या अंगावरून नुसत्या फिरवतात," लेक समजावू लागली.

"मग आधी माझ्यावर फिरवू दे!"

लेकीने जपानीत सांगितलं. पांढऱ्या केसांच्या वैद्यीणबाई हसल्या. त्यांनी मालतीबाईंना चटईवर पालथं झोपवलं आणि बोथट टोकाची पितळी सुई मानेवरून, पाठीवरून मोरपिसासारखी फिरवली.

"हॅ! यापेक्षा माझं तेलमालिश काय वाईट..." वाक्य अर्ध्यातच राहिलं.

जाग आली ती स्वतःच्याच घोरण्याने. शेजारी लेकीच्या मांडीवर ओजस आजीकडे टकामका बघत होता. गप्प.

"बघ, आला ना गुण!" मालतीबाईंनी सुईला श्रेय देऊन टाकलं.

"त्याला अजून सुई लावलीच नाही. तुझा डोळा लागला आणि तो शांत झाला. बाई म्हणतात, पुढच्या गुरुवारी फक्त आजींना आणा."

मालतीबाईंनी पदर सावरला. "गुरुवारपर्यंत कशाला ताटकळायचं? उद्याचं विचार. बाळासाठी म्हणतेय हो मी!"