गोड कान

सगळ्या गटांच्या बैठकीत प्रत्येकाच्या कानात समेटयंत्र असे. कुणी कितीही कडू बोललं, तरी ऐकणाऱ्याला गोडच ऐकू येई. तीन वर्षांत एकही भांडण झालं नव्हतं, आणि खालच्या वस्तीला नळही आला नव्हता.

“आमचं पाणी तुम्हीच अडवलंय, तात्या,” खालच्या वस्तीतल्या द्रौपदाबाई म्हणाल्या.

सरपंच तात्या हसले. “मिळून मार्ग काढू, मावशी.”

द्रौपदाबाईंनी आपलं यंत्र काढलं. “काय म्हणालात?”

तात्या तसेच हसत म्हणाले, “थेंब मिळायचा नाही, म्हातारे. बोंबल खुशाल.”

द्रौपदाबाईंना शिसारी आली. त्यांच्या तरुणपणी सभेत चपला उडाल्या होत्या, पण विहीर खुली झाली होती.

त्यांनी तात्यांच्या कानातलं मळकट यंत्र ओढून काढलं आणि साचलेलं सगळं तोंडावर सुनावलं. कानात यंत्र असलेल्या सभेने टाळ्या वाजवल्या. तात्यांचा चेहरा तेवढा उतरला.