इशबेलची सुरी

"मानेला धरून ओढू नका रे, केस जातील!" इशबेल खडकावर बसल्याबसल्या ओरडली. "उचला! भिंतीवर टकलं हरीण लावायचंय का?"

तिचा धाकटा मुलगा कॅलम आणि त्याची बायको अनाहेरा यांनी मारलेला तांबडा नर हरीण उचलून गवतावर ठेवला. पैसे मोजून शिकारीला आलेले पाहुणे ओंगसाहेब हात चोळत बाजूला उभे होते. चार दिवस डोंगर तुडवल्यावर आज कुठे त्यांची गोळी लागली होती.

"ऊन चढतंय. माश्या काही चहा पिऊन येणार नाहीत," म्हणत इशबेलने कमरेची सुरी काढून सुनेपुढे धरली.

चाळीस वर्षं या डोंगरातल्या शिकारीचं कातडं त्याच सुरीने निघत आलं होतं. आता इशबेलची बोटं थरथरत. सुरी पुढे कुणाची, ते आज ठरायचं होतं. थोरली सून फेनेला आणि मधली ट्रूडी यांची परीक्षा आधीच होऊन गेली होती. आता एक पाव भाजते, दुसरी पाहुण्यांच्या गाद्या घालते. दोघी गुणाच्या. सासूचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नाही.

अनाहेराला ती सुरी हवी होती. कातड्यांना मीठ लावायच्या खोलीच्या दारात उभी राहून तीन वर्षं ती नुसती बघत आली होती.

खांद्याच्या बरंच मागे, बरगड्यांवरून तिने गोल काप घेतला.

"बरं. आता गळ्याखालून फाड, थेट हनुवटीपर्यंत."

सुरी थांबली. मुंडकं भिंतीवर चढलं की माणसाला आधी दिसतो तो गळा. शिवण तिथे आली तर जन्मभर डोळ्यांत खुपणार. काप घ्यायचा मानेवरून, मागच्या बाजूने शिंगांपर्यंत. म्हातारी विसरायला लागली की काय?

"काय गं, कान घरी ठेवून आलीस?"

ओंगसाहेब बघत होते. कॅलम स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"आई, मी डावखुरी ना," अनाहेरा हळूच म्हणाली. "मला मानेवरून सोपं पडतं." आणि तिने मानेवरून सुरी चालवली.

"सोपं पडतं म्हणे! मी काय चाळीस वर्षं बटाटे सोलले?"

इशबेल डोंगर उतरेपर्यंत बडबडत राहिली. अनाहेरा जपून पाय टाकत उतरत होती. सुरी गेली तर गेली. पाठीवरच्या पोत्यातलं कातडं मात्र कुठेही न फाटता निघालं होतं. ओंगसाहेब तर पुढे शीळ घालत चालले होते.

घरी मीठ चोळून झालं. इशबेलने कातडं उलटसुलट करून पाहिलं. मग कमरेचा पट्टा सुरी-म्यानासकट सोडला आणि अनाहेराच्या हातात ठेवला.

फेनेलाच्या हातातला पावाचा ट्रे तसाच राहिला. "आई, ही तर तुम्हाला उलटून बोलली, कॅलम म्हणाला. आम्ही दोघींनी कधी तुमचा शब्द मोडला का?"

"नाही ना," इशबेल पावाचा तुकडा मोडत म्हणाली. "तुम्हालाही मी गळाच दाखवला होता. दोघींनी निमूट फाडलात."