दिवाळखोरीची रंगीत तालीम

"दाराबाहेरची पाटी जरा वाकडी लाव," ग्रेचन व्हॉस म्हणाली. "सरळ पाटी सरकारी वाटत नाही."

तिच्या हाताखालच्या डेक्स्टरने 'धनकोंची बैठक' ही पाटी वाकडी केली. आता ती शेजारच्या खोलीच्या पाटीसारखी हुबेहूब दिसू लागली. शेजारी खऱ्या बैठका चालायच्या; दिवाळखोरीचा अर्ज केलेल्या कर्जदाराची तिथे शपथेवर चौकशी व्हायची.

ओहायोतल्या त्या लहानशा शहरात वकील संघाचा दिवाळखोरी विभाग वर्षाला एक जेवण, एक वार्तापत्र आणि नव्या वकिलांसाठी एक लुटुपुटीची बैठक करत असे. जेवणाला सगळे यायचे, वार्तापत्र कुणी वाचत नसे. त्यामुळे सगळी इज्जत बैठकीवर होती. यंदा ग्रेचन अध्यक्ष. कर्जदाराच्या भूमिकेसाठी तिने हौशी नाटक मंडळातली नटी ठरवली होती. नाव, कर्ज, रडगाणं, सगळं तुझं तू रच, असं तिला फोनवर बजावलं होतं.

"पोरांनो, एक लक्षात ठेवा," ग्रेचनने सुरुवात केली. "कर्जदार दोनदा गैरहजर राहिला की अर्ज रद्द. मग बँक घर विकायला मोकळी."

तेवढ्यात एक बाई आत आली. कोटाची बटणं चुकीच्या काजांत, हातात किराण्याची पिशवी, पिशवीत कागद.

"बैठक इथेच ना?"

"इथेच. या, बसा." ग्रेचन डेक्स्टरच्या कानाशी लागली. "बटणं बघ. काय तयारी आहे!"

बाईंनी हात वर करून शपथ घेतली. दुसऱ्या हातात पिशवी घट्ट आवळलेली होती. मागून कुणीतरी "वा!" म्हणालं.

नाव लोरेटा पिकेट. डेक्स्टरने ओळखपत्र मागितलं, तर तेही निघालं.

"फोटो तुमच्यासारखा दिसत नाही, बाई."

"तेव्हा झोप लागायची."

"वकील कोण तुमचा?"

"परवडला नाही."

खोलीभर वकील खदखदून हसले. लोरेटाही घाबरत घाबरत हसली.

"मागच्या तारखेला येता आलं नाही, माफ करा," ती म्हणाली. "नवऱ्याचं डायलिसिस होतं."

"बघा," ग्रेचन खूश झाली. "एक संधी गेलेली. आज आल्या नसत्या तर?"

"घर गेलं असतं!" पोरं एका सुरात ओरडली.

"म्हणून तर पहाटेची बस पकडली," लोरेटा म्हणाली.

एका नव्या वकिलाने तिच्या बोटाकडे पेन रोखलं. "अंगठी केवढ्याची?"

"माहीत नाही. निघतच नाही."

"साबण लावून बघितलात?"

"हो."

यावर कुणी हसलं नाही.

"मग राहील ना घर माझं?" शेवटी लोरेटाने विचारलं.

ग्रेचनने टेबलावर थाप मारली. "राहील, बाई. राहील!"

सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. लोरेटा आधी गोंधळली, मग रडली, मग तिने प्रत्येकाचा हात हातात घेतला. डेक्स्टरने तिला विभागाचं नाव छापलेला कॉफीचा मग भेट दिला. तो छातीशी धरून ती बस गाठायला धावत गेली.

दुपारी हार्लन ब्रॉइल्स फुकटचं सँडविच खायला आला. शेजारच्या खऱ्या बैठका घेणारा सरकारी विश्वस्त तोच.

"अरे, काय बाई होती!" ग्रेचन म्हणाली. "तू हवा होतास बघायला."

"मी बसलो होतो एका बाईची वाट बघत. दुसऱ्यांदा गैरहजर. अर्ज रद्द. बँकेवाला तर टपूनच होता, खाली पायऱ्यांवर घराचा लिलाव उरकलासुद्धा."

"स्वतःच्या घरासाठी यायला काय होतं रे लोकांना?"

"हेच म्हणतो मी. काकडीचं लोणचं संपलं का?"

दार धाडकन उघडलं. फाटकी शाल, डोळ्यांखाली काजळाची काळी वर्तुळं. एक बाई धापा टाकत आत शिरली.

"सॉरी, सॉरी, वाटेत गाडी पंक्चर झाली," ती म्हणाली. "कर्जबाजारी मीच. कुठे बसून रडू?"