आईबद्दल सांगणारं कार्ड

बायको वारल्यापासून दारावरची बेल वाजली की आई आली समजून लेक धावत सुटते. ती बोलत नाही. चित्रांच्या कार्डांवरूनच तिला सगळं समजतं.

"दादा, किती दिवस टाळाल? आई परत येणार नाही, याचंही कार्ड करा की," तिच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या.

कार्डं बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'मृत्यू' शोधलं, तर कुंडीत मान टाकलेलं, सुकलेलं रोप आलं. दुसरं चित्रच नव्हतं. ते बायकोच्या फोटोशेजारी बसवलं, छापलं, लेकीच्या हातात दिलं आणि खोलीभर येरझारा घालत राहिलो.



तिनं कार्ड बराच वेळ बघितलं, मग पेलाभर पाणी आणून कार्डावरच्या आईवर हळूहळू ओतलं आणि टक लावून बसली.